मना मांगे या

बाबांनी डफ शेकोटीवर धरला आणि तालीम थांबली.

मार्गशीर्षातली संध्याकाळ होती. धुळ्यात, देवपुरातल्या एका जुन्या गोदामात ऑर्केस्ट्राची तालीम चालली होती. दोन कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, बेस गिटार, बासरी. आठ दिवसांनी तापीकाठच्या एका गावच्या यात्रेत कार्यक्रम होता आणि यात्रा कमिटीनं एकच अट घातली होती: हिंदी-मराठी गाणी कितीही घ्या, पण मधे अर्धा तास आपल्या भागातला वहीगायक हवा. म्हणून अमळनेर तालुक्यातून बाबा आले होते. वय सत्तरीच्या पुढे, डोक्याला पांढरा रुमाल, सोबत झील धरणारे दोघं आणि शाळेत शिकवणारी मुलगी. तिला सगळे ताई म्हणत होते, म्हणून मीही ताईच म्हणतो.

वहीगायन ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. हे खान्देशातलं डफावरचं गाणं. पुढचा गायक कथा उचलतो, मागचे सुरात सूर मिळवून झील धरतात. कथा पुराणातली असते, देवीची असते, कधी घरातल्या सासू-सुनेचीही असते. ती अर्ध्या तासात संपत नाही. रात्र लागते.

थंडीत डफाचं चामडं सैल पडतं. दव बसलं की टणत्कार जातो, नुसतं 'धप' वाजतं. बाबा डफ जाळावर तिरपा धरायचे, हळूहळू फिरवायचे, मधेच बोटानं टिचकी मारून कान लावायचे, पुन्हा फिरवायचे. हे तीन-चार मिनिटं चालायचं आणि दर दुसऱ्या गाण्यानंतर व्हायचं. सहा वादक हात बांधून उभे.

आप्पांनी घड्याळाकडे पाहिलं. आप्पा म्हणजे या ऑर्केस्ट्राचे चालक. चाळीस वर्षं यात्रा, लग्नं, गणपती, नवरात्र यांत वाजवत आलेला माणूस. आधी हार्मोनियम, मग ऑर्गन, मग कीबोर्ड.

"ताई, स्टेजवर शेकोटी कशी पेटवायची? वर कापडी मांडव, खाली वायरी."

"स्टेजच्या मागे पेटवा."

"आणि बाबा मागे जाऊन डफ तापवतील तोवर पब्लिकनं काय करायचं?"

"ऐकायचं. बाबा तापवता तापवता बोलतात. आपलं गाव कुठलं, यंदा कापसाचं काय झालं, पुढची कथा कोणाची. तेही गाण्यातलंच आहे, आप्पा. तुम्ही त्याला मोकळी जागा समजता."

"बेटा, मी चाळीस वर्षं स्टेजवरून तोंडं बघतोय. यात्रेतला माणूस तीन मिनिटं शांत बसत नाही. त्याला पाळणा दिसतो, भेळ दिसते, आता तर हातातच मोबाइल आहे. एकदा उठला की परत येत नाही."

"मग त्याला बसवायचं काम तुमचं. बाबांनी डफ थंड वाजवायचा का?"

इथून जी बोलाचाली सुरू झाली ती तालीम संपेपर्यंत चालली. मी जळगावहून केवळ ऐकायला गेलो होतो. वही आणि ऑर्केस्ट्रा एका मांडवात कसे बसतात हे मला बघायचं होतं. परत येताना वाटलं, त्या दोघांचं बोलणं लिहून ठेवलं पाहिजे.

आप्पांचं पहिलं म्हणणं असं की ऑर्केस्ट्रा आला म्हणून लोकगाणं मेलं, हा आरोपच चुकीचा आहे. त्यांनी सारंगखेड्याचा दाखला दिला. दत्तजयंतीची यात्रा, घोड्यांचा बाजार, तमाशाचे तंबू. ते गाव आधी धुळे जिल्ह्यातच होतं. 1 जुलै 1998 ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि ते तिकडे गेलं. "आम्ही दोंडाईचाला उतरून जायचो," आप्पा म्हणाले. "माझ्या पोरपणी तमाशात ढोलकी, तुणतुणं, हलगी, मंजिरी एवढंच असायचं. मग फडमालकांनीच ऑर्गन आणला, ड्रमसेट आणला. कारण समोरचा शेतकरी टुरिंग टॉकीजमध्ये सिनेमा बघून आलेला असायचा. त्याला तशी भरलेली गाणी हवी होती. फड जगला तो त्यामुळं. नाहीतर तंबूचं भाडंही निघालं नसतं."

"फड जगला आणि वग मेला," ताई म्हणाली. "आधी गण-गवळण, मग पहाटेपर्यंत वग असायचा. आता सिनेमाची गाणी संपेतो रात्र सरते. वगाला उरतो तासभर, तोही कमिटीनं आग्रह केला तर. तुम्ही म्हणता तमाशा जगला. त्यातलं काय जगलं ते सांगा."

आप्पा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "रात्र कमी झाली ती माझ्यामुळं नाही. कायद्यामुळं."

हे खरं आहे. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. या नियमाला माझा विरोध नाही. आजारी माणसाला, परीक्षेच्या पोराला रात्री झोप मिळालीच पाहिजे. पण रात्रभराची कला दोन तासांत कोंबायची वेळ आली ती यातूनही, हे लोककलेवर बोलणारे फारसं ध्यानात घेत नाहीत. आठला सुरू, दहाला बंद. त्यात दीपप्रज्वलन, सत्कार, पुढाऱ्यांची भाषणं. उरलेल्या वेळात एखाद्या देवीची अख्खी कथा कशी बसायची?

"म्हणूनच म्हणतो," आप्पा म्हणाले, "बाबांनी कथा सांगू नये, कथेतलं एक गाणं सांगावं. पाच मिनिटांचं. मी त्याला सुरुवातीचं म्युझिक लावतो, मधे बासरी भरतो. लोक टाळ्या वाजवतील."

"टाळ्या बासरीला."

"बाबांनाही."

"तुम्ही माझ्या बापाला डफासकट शोभेला ठेवणार आहात," ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण गोदामातल्या सगळ्यांनी मान वर केली.

आप्पांना ते लागलं. त्यांनी कीबोर्ड बंद केला, खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसले. मग जे बोलले ते मला महत्त्वाचं वाटलं.

"तू मास्तरीण आहेस म्हणून आकडे सांगतो. 2001 च्या जनगणनेत खान्देशी भाषा, आपली अहिराणी धरून, सांगणारे होते सुमारे 20 लाख 75 हजार. 2011 मध्ये झाले 18 लाख 60 हजार. दहा वर्षांत माणसं वाढली, भाषा घटली. कारण आपल्याच लोकांना 'मी अहिराणी बोलतो' हे लिहून द्यायची लाज वाटते. पुण्याला गेला की पोरगा 'शे' सोडतो आणि 'आहे' धरतो. ही लाज कोणी घालवली? 'केसावर फुगे'नं घालवली, 'झुमकावाली पोर'नं घालवली. कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडवर बसवलेली गाणी. माझी नात इंग्रजी शाळेत जाते. तिनं अहिराणीतलं पहिलं वाक्य म्हटलं ते अशाच एका गाण्याचं. तुझ्या वहीचं नाही."

ताईनं याला लगेच उत्तर दिलं नाही. बाबा शेकोटीपाशीच होते, त्यांच्याकडे पाहत ती म्हणाली, "हे मला मान्य आहे. माझ्या वर्गातली पोरंही अहिराणी बोलायला लाजायची. ही गाणी आली तेव्हा मधल्या सुट्टीत ओरडून गायला लागली. मला बरं वाटलं. पण आप्पा, त्या गाण्यांत शब्द किती आहेत? पोरगी, झुमका, नाच. आखाजीच्या सणाला माहेरी आलेली बाई झोक्यावर बसून जे गाते, कानबाईदेवीच्या रात्री रोट झाल्यावर बायका जे गातात, त्यात शेत आहे, नणंद आहे, दुष्काळ आहे, मेलेलं लेकरू आहे. हे सगळं तुमच्या ठेक्यावर बसत नाही म्हणून बाजूला पडतं. भाषा वाचली असं तुम्ही म्हणता. मला भीती वाटते की भाषेतले वीस शब्द वाचतील."

या ठिकाणी मी ताईच्या बाजूचा आहे. आणि तरी आप्पांची नात माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. ज्या पोरीनं वीस शब्द तोंडात घोळवले तिला एकविसावा शिकवता येतो. जिच्या तोंडात एकही नाही, तिला कुठून सुरुवात करून देणार?

चहा आला. चहावर विषय बहिणाबाई चौधरींकडे वळला, आणि खान्देशात तो वळतोच. आप्पांना वाटलं, आता हुकमाचं पान हातात आहे.

"बहिणाबाई जात्यावर गायच्या. त्यांच्या लेकानं, सोपानदेवांनी, आणि पितांबर चौधरींनी ते टिपून ठेवलं म्हणून उरलं. 1952 मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं, ते शिकलेल्यांनी वाचलं. पण घराघरात गेल्या कशानं? 1961 च्या 'मानिनी'नं. अनंत मान्यांचा सिनेमा, वसंत पवारांचं संगीत. स्टुडिओतला वाद्यवृंद होता तो. जातं नव्हतं."

"वसंत पवार म्हणता ना? ज्यांनी 'सांगत्ये ऐका'ला संगीत दिलं, तेच," ताई म्हणाली. "त्या माणसाला मातीतलं गाणं कळत होतं. त्यांनी शब्दाला पुढे ठेवलं. प्रश्न वाद्यांचा नाहीच आहे. आणि एक बोलू का? असोद्याच्या बहिणाबाईंची बोली लेवा. आमची अहिराणी वेगळी. तुम्ही ऑर्केस्ट्रावाले सगळ्याला 'खान्देशी' असा एकच शिक्का मारता, त्यानं दोन्ही बोलींचं नुकसान होतं."

आप्पा हसले. "हे बरोबर आहे."

'मानिनी'चं साल ऐकून मला दुसरीच एक गोष्ट आठवली. त्याच 1961 मध्ये अमेरिकेत पॅट्सी क्लाइन या कंट्री गायिकेचं 'क्रेझी' हे गाणं आलं. कंट्री म्हणजे तिकडच्या खेड्यापाड्यांचं, शेतमळ्यांचं गाणं. फिडल आणि गिटार ही त्याची वाद्यं. नॅशव्हिल शहरातल्या ओवेन ब्रॅडली, चेट ॲटकिन्स या संगीतनिर्मात्यांनी त्या काळात फिडल मागे सारलं आणि व्हायोलिनांचा ताफा, मागून गाणारा कोरस आणला. शहरातल्या माणसाला ते आवडलं, रेकॉर्डी खपल्या, आणि 'हे आपलं गाणं राहिलं नाही' म्हणून जुने ऐकणारे हळहळले. पुढे कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्ड शहराकडून बक ओवेन्ससारख्यांनी पुन्हा कणखर गिटारचा आवाज उभा केला. आप्पा आणि ताईची बोलाचाली तिकडे साठ वर्षांपूर्वीच होऊन गेली आणि अजून मिटलेली नाही, हे मी दोघांना सांगितलं. ताई म्हणाली, "मग तिकडेही कोणीतरी बाप-लेक असतील."

चहानंतर पुन्हा तालीम. बाबांनी सूर लावला. आप्पांनी काळी चार धरली. जमेना. पांढरी सहा धरली, तीही लागेना. बाबांचा सूर दोहोंच्या मधे होता. बेस गिटारवाला पोरगा म्हणाला, "बाबा, थोडं वर घ्या ना." बाबांनी वर घेतलं आणि दुसऱ्या ओळीला पुन्हा आपल्या जागी आले. गळ्याची पन्नास वर्षांची सवय ती.

ताई काही बोलणार, तेवढ्यात आप्पांनी हात वर केला. चष्मा लावला, कीबोर्डवरचं ट्यूनिंगचं बटण दाबलं आणि एक-एक आकडा खाली आणत गेले. बाबा गात होते. आप्पा एका बोटानं षड्ज दाबून ऐकत होते. दोन आवाजांत आधी एक थरथर होती, ती हळूहळू मंद होत गेली आणि एका क्षणी थांबली. कीबोर्ड बाबांच्या सुरात आला होता. मग बेस गिटारच्या तारा उतरवल्या. राहिली बासरी; तिला तो सूर नव्हता, म्हणून ती या अर्ध्या तासापुरती बाजूला ठेवली. मघाशी याच बासरीवर किती बोलणं झालं होतं!

सूर जमला, पण ताल जमत नव्हता. ऑक्टोपॅडवरचा पोरगा लूप लावून वाजवत होता. बाबा ओळ संपली की थांबतात. किती थांबायचं याचा हिशेब नाही. कथेत दुःखाचा प्रसंग असेल तर जास्त, देवी राक्षसाला गाठते तिथं अजिबात नाही. लूप मात्र थांबत नाही. तिसऱ्या वेळी बाबांचे शब्द ठेक्याखाली सापडले आणि त्यांनी गाणंच सोडलं. डफ मांडीवर ठेवला.

"माले दम लेऊ द्या," ते म्हणाले. मग त्या पोराकडे पाहून, अगदी मायेनं, "मना मांगे या. पुढे नका पयू."

माझ्या मागे या, पुढे पळू नका. सगळ्या तालमीत बाबा बोलले ते एवढंच.

आप्पा उठून ऑक्टोपॅडपाशी गेले. "लूप बंद कर. हातानं वाजव. डफाकडे बघू नकोस, बाबांच्या उजव्या खांद्याकडे बघ. थाप मारायच्या आधी खांदा उचलतो. तो उचलला की तुझा हात."

मग ताईकडे वळून म्हणाले, "बालगंधर्व लहानपणी आपल्या जळगावात राहिले होते, मेहबूब खाँकडे शिकले. त्यांच्या मागे कोण बसायचं ठाऊक आहे? तबल्याला अहमदजान थिरकवा, सारंगीला कादरबक्ष. एवढे मोठे वादक, पण साथीला बसले की गंधर्वांच्या मागे. साथ म्हणजे मागे चालणं. हे माझ्या गुरूनं मला शिकवलं होतं. लूप आल्यापासून विसरलो होतो."

"मग माझं म्हणणं मान्य?"

"अर्धं. मागे चालेन. पण चालेन. घरी बसणार नाही."

पुढच्या वेळी गाणं लागलं. बाबा थांबले तेव्हा कीबोर्डचा एकच सूर धरून ठेवलेला होता, ढोलकी गप्प. त्या थांबण्यात शेकोटीतल्या काटक्या तडकलेल्या ऐकू आल्या. मग खांदा उचलला आणि डफ, ढोलकी, बेस एकदम पडले. ताईनं डोळ्याला पदर लावला. मी वहीगायन पूर्वी अनेकदा ऐकलं आहे, पण बाबांचा आवाज इतका मोठा कधी वाटला नव्हता. आणि त्यांच्या मागच्या वाद्यांमुळं तो तसा वाटला, हे मी ताईच्या देखतच सांगितलं. तिनं मान हलवली.

सगळं मिटलं असं मात्र नाही. निघताना पोस्टरचा विषय निघाला. त्यावर ऑर्केस्ट्राचं नाव वितभर अक्षरात, मुंबईहून येणाऱ्या गायिकेचा फोटो, आणि तळाशी बारीक अक्षरात 'सोबत खान्देशी लोककला'. बाबांचं नाव कुठंच नाही. ताईनं विचारलं तर आप्पा म्हणाले, कमिटीनं छापून घेतलं, माझ्या हातात नव्हतं. मानधनाचंही तसंच. गायिकेचा आकडा ठरलेला, वादकांचा ठरलेला, वहीवाल्यांना 'प्रवासखर्च आणि नारळ'. यावर आप्पांकडे उत्तर नव्हतं. ते कमिटीशी बोलतो म्हणाले. ताईनं ऐकून घेतलं.

वाद्य कुठलं असावं यावर कितीही वाद घाला, मला ते वाद आवडतात. पण ज्याच्या गळ्यात कथा आहे त्याचं नाव पोस्टरवर नसणं हा वादाचा विषय होऊच शकत नाही. ती चूक आहे, आणि ती दर यात्रेत होते.

म्हणून जळगाव-धुळे-नंदुरबारच्या यात्रा कमिट्यांना माझी हात जोडून विनंती आहे. ऑर्केस्ट्रा आणा, खुशाल आणा. पण वहीगायकाचं, पावरी वाजवणाऱ्याचं, कानबाईची गाणी म्हणणाऱ्या बाईचं नाव गावासह छापा आणि मानधन आधी ठरवा. भाषणं दोन कमी करा. स्टेजवर डफासाठी वेगळा माईक ठेवा. आणि मांडवाच्या मागे, वायरींपासून लांब, एक शेकोटी पेटती राहू द्या.